क्रिटिकल लीगल स्टडीज वाचून पडलेला प्रश्न : कायदा म्हणजे शेवटी राजकारणच का?

करवीरची_वकील

नमस्कार मंडळी. एलएलएमच्या ज्युरिसप्रुडन्सच्या, म्हणजे कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या, पेपरसाठी सध्या क्रिटिकल लीगल स्टडीज वाचतेय. पुढं नुसतं सीएलएस म्हणेन. दिवसा दिवाणी आणि महसुली कामं, रात्री हे वाचन. त्यामुळं वाचलेलं प्रत्येक वाक्य हातातल्या फायलींशी ताडून बघायची सवय लागलीय. इथं वकील, महसूलवाले, शेतकरी, प्राध्यापक सगळेच आहेत म्हणून धागा काढतेय.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९७७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, काही कायद्याचे प्राध्यापक जमले आणि ही चळवळ सुरू झाली. डंकन केनेडी, मॉर्टन हॉर्विट्झ, मार्क टशनेट, डेव्हिड ट्रुबेक, मूळचे ब्राझीलचे रोबेर्तो उंगर ही त्यातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं असं की न्यायाधीश कलमं लावतो आणि निकाल आपोआप बाहेर येतो, हे खरं नाही. अवघड वादांत कायद्याच्या पोटात दोन्ही बाजूंना पुरेल एवढा माल असतो. त्यातलं काय उचलायचं हे न्यायाधीशाच्या राजकीय धारणा, त्याचा वर्ग, त्याचे संस्कार ठरवतात. आणि हे सगळं तटस्थ भाषेत मांडलं जातं, म्हणून वरच्याची जागा न्याय्य वाटायला लागते. खालचासुद्धा ती मान्य करतो.

मला पहिल्यांदा आठवलं ते हिंदू वारसा कायद्याचं कलम ६. ९ सप्टेंबर २००५ ला लागू झालेल्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या तारखेला वडील हयात पाहिजेत. २०१८ मध्ये दानम्मा खटल्यात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं, वडील २००१ साली वारले असताना मुलींना हिस्सा दिला. मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगून टाकलं की वडील हयात असण्याची अटच नाही. या सगळ्या काळात कलमातलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. मधल्या पाच वर्षांत ज्या बहिणींचे दावे फेटाळले गेले आणि पुढं अपील झालं नाही, त्यांना काय सांगायचं?

तरीसुद्धा सीएलएसनं कायद्याचं स्वरूप उलगडलं असं म्हणायला मन धजत नाही. कायदा कसा वाकतो हे ते नेमकं दाखवतं. पण वाकवायला आधी काहीतरी घट्ट असावं लागतं. ते काय आहे, याचं उत्तर मला त्यात सापडत नाही. तुमचं काय मत? अनुभवासकट लिहिलंत तर जास्त बरं.

रंकाळ्यावरचा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या आज्जाला अमेरिकेला न जाताच ठाऊक होतं.

निवृत्त_नायब

ताई, विषय चांगला काढलात. मी महसूल खात्यात आयुष्य घालवलं, त्यामुळं थोडं विरोधात लिहितो.

तुम्ही दिलेलं उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाचं आहे. तिथपर्यंत जातं तेच मुळात वादग्रस्त असतं. रोजच्या कामात काय होतं? खरेदीपत्र झालं, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, धरला, महसूल संहितेच्या कलम १५० ची नोटीस काढली, हरकत आली नाही, मंडल अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. यात न्यायाधीशाची राजकीय धारणा कुठं आली? असे फेरफार जिल्ह्यात रोज होतात. त्यांना कुणी खटला म्हणत नाही, म्हणून ते या प्राध्यापकांच्या नजरेत येत नाहीत.

इंग्लंडच्या हार्ट या कायदेपंडितानं १९५८ मध्येच हे मांडलं होतं. बागेत वाहन आणायला बंदी आहे, असा नियम केला. मोटार आणली तर प्रश्नच नाही, ती वाहन आहे. लहान मुलाची खेळण्यातली गाडी चालेल का, इथं वाद. नियमाला घट्ट गाभा असतो आणि कडेला धूसर पट्टा असतो. धूसर पट्टा बघून सगळाच नियम धूसर आहे असं म्हणणं मला पटत नाही.

शिरोळचा_ऊसवाला

साहेब, तुमचं गाभ्याचं पटलं, पण आमची अडचण गाभ्यातलीच हाय.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस कारखान्यावर गेल्यापासनं १४ दिवसांत एफआरपीचे, म्हंजे केंद्रानं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे. उशीर झाला तर वरसाला १५ टक्के व्याज. यात धूसर काय हाय? चौदा म्हंजे चौदाच. पोरगं बी मोजंल. आणि आमच्या शिवारात किती जणांना ते व्याज न मागता मिळालंय, एकानं हात वर करावा.

म्हंजे कायदा एकदम स्पष्ट, आणि तरी पैसा अडकलेला. मग तुमच्या त्या अमेरिकेच्या मास्तरांचं ‘कायदा अनिश्चित असतो’ हे कुठं लागू पडलं? आमच्याकडं कायदा निश्चित हाय, माणूस अनिश्चित हाय.

काळा_कोट

ऊसवाले दादा, नाद खुळा प्रतिसाद!

लाल_बावटा

दादांनी जे सांगितलं त्यातच उत्तर आहे. कलम शेतकऱ्याच्या बाजूनं लिहायचं आणि अंमलबजावणी ज्याच्या हातात आहे तो कुणाच्या जवळचा आहे हे बघायचं. कोल्हापुरात कारखाना, बँक, दूध संघ, राजकारण यांची घरं वेगवेगळी नाहीत. कायदा हा वर्गाच्या सत्तेचा मुखवटा आहे, हे मार्क्सवादी फार आधीपासून सांगत आलेत. सीएलएसनं त्यात नवीन काही घातलं नाही. उलट वर्ग काढून टाकला आणि ‘भाषा’, ‘विचारविश्व’ असलं विद्यापीठी सामान भरलं.

ज्युरिसचा_मास्तर

धागा रंगलाय. मी विधी महाविद्यालयात हा पेपर शिकवतो, त्यामुळं दोन-तीन गोष्टी नीट करून घ्यायला पाहिजेत.

पहिली निवृत्त_नायब सरांसाठी. सीएलएसवाले प्रत्येक फेरफारात राजकारण आहे असं म्हणत नाहीत. निदान त्यातले विचारी लोक तरी म्हणत नाहीत. केनेडीचा १९८६ चा एक लेख आहे. त्यात तो स्वतःला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवतो. बस कंपनीचे कामगार संपावर आहेत, रस्त्यावर आडवे पडून बस अडवतायत, कंपनी मनाईहुकूम मागतेय. न्यायाधीशाची सहानुभूती कामगारांकडं आहे, पण वाचल्या वाचल्या कायदा कंपनीच्या बाजूनं दिसतो. मग तो काय करतो? निवाडे चाळतो, मुद्दे उलटसुलट करून बघतो, वेळ घालवतो, कुठं वाट निघते का शोधतो. कधी निघते, कधी निघत नाही. केनेडी साफ लिहितो की न्यायाधीशाला कायद्याचं बंधन जाणवतं. त्याचं म्हणणं एवढंच, की किती बंधन जाणवेल हे तुम्ही किती कष्ट घेता यावरही ठरतं. पुलाच्या शिरोलीला महामार्ग रोखल्यावर आंदोलकांवर दाखल होणारे गुन्हे डोळ्यापुढं आणा. कुठलं कलम लावायचं, जामीन किती कडक, यात तीच मोकळीक असते.

दुसरी लाल_बावटासाठी. सीएलएसनं वर्ग काढून टाकला असं नाही. ‘मालक वर्ग कायदा करतो, न्यायालय तो राबवतं’ ही सरळ रेघ त्यांनी नाकारली. कारण मालकांच्या विरोधातले कायदेही होतात आणि लागूही होतात. आपल्याकडचा कुळकायदाच घ्या.

तिसरी ऊसवाले दादांसाठी. तुम्ही जे वर्णन केलं ते सीएलएसपेक्षा मार्क गॅलँटरच्या १९७४ च्या मांडणीत जास्त चपखल बसतं. भारतातल्या कायद्यावर बरीच वर्षं काम केलेला अमेरिकन माणूस. तो म्हणतो, कोर्टात दोन प्रकारचे लोक येतात. एक, जे वारंवार येतात: बँका, विमा कंपन्या, सरकार, कारखाने. दुसरे, जे आयुष्यात एकदाच येतात: तुम्ही. वारंवार येणाऱ्याकडं ठरलेला वकील असतो, तारखा परवडतात, एक मॅटर हरलं तरी पुढचं जिंकता येतं. कुठलं मॅटर तडजोडीत मिटवायचं आणि कुठलं शेवटपर्यंत लढून निवाडा पदरात पाडायचा, हे त्याला ठरवता येतं. कायदा अगदी स्पष्ट आणि न्यायाधीश अगदी निःपक्ष असला तरी हा फरक उरतोच.

रंकाळ्यावरचा

मास्तर, एवढं लिहिलंय की परीक्षेला येणार का ते पण सांगून टाका.

ज्युरिसचा_मास्तर

येणार. सोळा गुणांना.

सोलापूरहून

तारखा परवडण्यावरून आठवलं. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू होण्याआधी आमचं अपील मुंबईला होतं. रात्रीची गाडी, सकाळी फोर्टात, दिवसभर बोर्ड बघत बसायचं, संध्याकाळी कळायचं मॅटर निघालंच नाही. समोरची पार्टी मुंबईचीच, त्यांना काय फरक पडतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बेंच बसलं आणि सहा जिल्ह्यांचं अंतर कमी झालं. कलमं तीच, वाद तोच. माझ्या बाबतीत तरी न्यायाचा अर्धा भाग अंतराचाच होता.

काळा_कोट

आमच्याकडून महालक्ष्मी एक्स्प्रेस. सोमवारी रात्री डब्यात निम्मे वकील आणि निम्मे पक्षकार असायचे, कऱ्हाडपर्यंत कॉन्फरन्स चालायची. बेंचसाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं हे नव्या पोरांना माहीत पाहिजे. उपोषणं झाली, मोर्चे झाले, कामकाजावर बहिष्कार झाले. आता सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीपुढून गेलं की ऊर भरून येतो.

मिसळवाला_भावा

बाहेरगावचे पक्षकार वाढले, त्यामुळं त्या बाजूच्या मिसळवाल्यांचं पण भलं झालंय. सोलापूरकर, पुढच्या तारखेला कळवा, कट वाढवून घेऊ.

गडहिंग्लजची_लेक

मूळ विषयाकडं येते. ताईंनी कलम ६ चं लिहिलं, त्याच्या खालची गोष्ट सांगते.

आमच्याकडं वडील वारले की तेराव्यानंतर भाऊ म्हणतो, चल गं, सही करून येऊ. बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात, हक्कसोड पत्रावर सही करतात. दस्तात लिहिलेलं असतं, ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. सगळं कायदेशीर. विचारणारा विचारतो, ‘सही तुमचीच ना? समजून केली ना?’ त्या मान हलवतात. कारण माहेर तुटलं तर दिवाळीला, भाऊबीजेला, नवऱ्यानं हाकललं तर जायचं कुठं? माझ्या आईनं अशीच सही केली. माझ्या दोन मावश्यांनी केली. तिसऱ्या मावशीनं नाही केली, ती विधवा होती आणि तिला जमिनीची गरज होती. तिच्याशी दहा वर्षं कुणी बोललं नाही.

म्हणून सीएलएसवाले हक्कांवर जी टीका करतात ती मला आधी फार पटली होती. हक्क कागदावर मिळतो आणि त्यामुळं खरी विषमता झाकली जाते, हे मी घरात बघितलंय. ‘स्वखुशीने’ या एका शब्दाआड सगळं गाव उभं असतं.

पण नंतर पॅट्रिशिया विल्यम्सचा १९८७ चा लेख वाचला आणि मत बदललं. ती कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ. ती आणि तिचा गोरा सहकारी पीटर गेबल, जो सीएलएसच्या सुरुवातीपासूनचा माणूस, दोघं न्यूयॉर्कमध्ये भाड्यानं घर शोधत होते. गेबलनं करार न करता, पावती न घेता अनामत रोख देऊन टाकली, विश्वासाचं नातं तयार व्हावं म्हणून. विल्यम्सनं ओळखीच्यांच्याच इमारतीत घर घेतलं, तरी बारीक अक्षरातला लांबलचक करार नीट सही करून घेतला. कारण तिच्या लोकांना कित्येक पिढ्या कुणी करार करण्याच्या लायकीचं मानलंच नव्हतं. ज्याला हक्क जन्मापासून आहेत त्याला ते ओझं वाटतात. ज्याला ते कधी नव्हतेच त्याच्यासाठी हक्क म्हणजे ‘मीही माणूस आहे’ याची नोंद.

माझ्या तिसऱ्या मावशीकडं सातबाऱ्यावर नाव आहे. बाकी तिघींकडं नाही. शेवटी तिच्या दारात भाऊ आला, तो सातबारा बघूनच आला. आता मला कुणी सांगितलं की हक्क म्हणजे भ्रम, तर मी त्याला तिच्या घरी घेऊन जाईन.

करवीरची_वकील

ताई, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवणार आहे. हक्कसोड रद्द करून मागणारे दावे मी चालवते. दबाव सिद्ध करणं किती अवघड असतं हे तुम्ही न सांगताच कळलं. कारण दबाव टाकणारा माणूस सापडतच नाही, दबाव सगळ्या नात्याचा असतो.

लाल_बावटा

गडहिंग्लजची_लेक, मनापासून नमस्कार. पण मावशींना जे मिळालं ते कायद्यामुळं की त्यांच्या हिमतीमुळं?

गडहिंग्लजची_लेक

दोन्हीमुळं. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या काळात वडील वारले असते तर नुसती हिंमत घेऊन ती काय करणार होती?

कापशीचा_कारागीर

थोडं वेगळं, पण याच विषयातलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. चप्पल आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या होते. कातडं कमावणं, पट्टा वळणं, शिवण, सगळं हातानं. मानांकनाचे नोंदणीकृत मालक कोण? महाराष्ट्राचं आणि कर्नाटकचं अशी दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळं. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली. न्यायालयाचा सूर असा की नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकतात, तुम्ही कोण.

कायद्याच्या नजरेत हे बरोबर असेल. पण बघा, चप्पल करणारा, चप्पल कुणाची हे सांगणारा आणि कोर्टात उभा राहायचा अधिकार असणारा, ही तीन वेगळी माणसं झाली. यावर तुमची थिअरी काय सांगते?

ज्युरिसचा_मास्तर

दादा, सीएलएस इथंच सगळ्यात जास्त कामाला येतं. ‘मालक कोण’ हा प्रश्न निसर्गात नसतो, कायदा तो तयार करतो. एकदा व्याख्या ठरली की तिच्या बाहेरचा माणूस न्यायालयाला दिसतच नाही आणि हे न दिसणं कुणाचा दुष्टपणा म्हणून घडत नाही. व्याख्याच तशी असते. मात्र त्याच कायद्यात कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करायची सोय आहे. ती करून घ्या, गावातल्या सगळ्यांना सांगा.

निवृत्त_नायब

कारागीर दादांच्या मुद्द्याला महसुलातली जोड देतो, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादाला पुरवणीही.

कुळकायदा १९४८ चा, ‘कसेल त्याची जमीन’. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्यानं मालक मानला गेला. मग ३२ ग ची चौकशी, किंमत ठरणार, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र. लाल_बावटा, याहून मालकविरोधी कायदा कुठला असेल? पण प्रत्यक्षात काय? कूळ आहे हे ठरायचं कशावरून? पीकपाहणीवरून आणि इतर हक्कातल्या नोंदीवरून. ती नोंद धरणारा गावातलाच. ज्याचं नाव लिहिलं गेलं तो मालक झाला. ज्याचं नाव वेळेवर लागलं नाही त्याची नातवंडं आजही, आम्ही कूळ होतो हे ठरवून घ्यायला, कलम ७० ब खाली तहसीलला दाद मागतायत. आणि बाई कसत असली तरी नाव घरातल्या पुरुषाचं लागायचं.

निवाडे वाचून कायदा कळत नाही, नोंदी वाचून कळतो, असं माझं ठाम मत आहे. या प्राध्यापकांनी न्यायाधीशाकडं फार बघितलं. आमच्याकडं कायदा न्यायाधीशापर्यंत पोचायच्या आधीच निम्मा घडलेला असतो.

जुना_राजवाडा

नायब साहेब, तुम्ही कळीचा मुद्दा काढलात. ही गोष्ट या शहरात शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं ओळखली होती.

शाहू महाराजांचं नाव निघालं की आपण २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागांचा हुकूम सांगतो, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण १९१८ ला त्यांनी कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले, याकडं आपलं तेवढं लक्ष जात नाही. जमिनीचा नियम होता तसाच, पण गावाचं दप्तर ज्याच्या हातात होतं तो वंशपरंपरेचा हात त्यांनी काढला. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, म्हणजे कोर्टात बोलणारं तोंडही बदललं. कायद्याची सत्ता कुठं बसते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

आता इथंच सीएलएसवाल्यांशी माझं भांडण आहे. कायदा म्हणजे वरच्यांचं हत्यार, ही त्यांची निम्मी गोष्ट महाराजांना मान्य झाली असती. पुरोहितानं वेदमंत्रांनी विधी करायला नकार दिला त्या वेदोक्त प्रकरणात त्यांनी स्वतः अनुभवलं होतं की शास्त्र कोण वाचतो यावर शास्त्र काय म्हणतं ते ठरतं. पण त्यावरून त्यांनी ‘कायद्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी आणखी कायदे केले.

लाल_बावटा

तो राजा होता. हुकूम काढू शकत होता. रयतेच्या हातात तेवढं असतं का?

ज्युरिसचा_मास्तर

रयतेच्या हातातलं उदाहरण देतो, आणि तेही मार्क्सवाद्याचंच. इ. पी. थॉम्पसन, इंग्लंडचा इतिहासकार. १९७५ मध्ये त्यानं १७२३ च्या ब्लॅक ॲक्टवर लिहिलं. तोंडाला काळं फासून जंगलात हरणं मारणाऱ्या गरिबांना फाशी देणारा कायदा. याहून उघडा वर्गीय कायदा शोधून सापडणार नाही. आणि तरी शेवटी थॉम्पसन म्हणतो की कायद्याचं राज्य ही निखळ मानवी भलाई आहे. त्याच्याच डाव्या मित्रांना हे रुचलं नाही. पण त्याचा युक्तिवाद बघा. कायद्यानं सत्तेला न्याय्य दाखवायचं असेल तर कायदा अधूनमधून खरंच न्याय्य असावा लागतो. सत्ताधाऱ्यानं एकदा ‘मी नियमानं वागतो’ म्हटलं की तोच नियम त्याच्या अंगावर टाकता येतो.

आपल्याकडं मथुरा प्रकरण आठवा, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. निकालामागचं पुरुषी आणि वर्गीय गृहीत त्यांनी उघडं पाडलं, म्हणजे अस्सल क्रिटिकल काम केलं. आणि मागितलं काय? फेरविचार. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ ला कायदा बदलला.

शिरोळचा_ऊसवाला

मास्तर, आता तुमी आमच्या भाषेत बोलला. हप्त्याचं बी तसंच झालं. राज्य सरकारनं २०२२ ला शासन निर्णय काढला, एफआरपी दोन हप्त्यांत द्या म्हणून. आमची संघटना हायकोर्टात गेली आणि २०२५ च्या मार्चला तो निर्णय रद्द झाला. केंद्राच्या आदेशात एकरकमी हाय तर राज्याला तुकडं करता येत न्हाईत. कारखानदार, सरकार सगळे एका बाजूला असताना बी झालं. सगळंच राजकारण असतं तर त्या दिवशी आमी हरायला पाहिजे हुतो.

लाल_बावटा

मोर्चे, चक्का जाम नसते तर ती याचिका कुणी लढवली असती, दादा?

शिरोळचा_ऊसवाला

न्हाई, ते खरं हाय. पण नुसत्या चक्का जामनं बी शासन निर्णय रद्द हुत न्हाई. दोन्ही पायांवरच चालतोय की आपण.

करवीरची_वकील

सगळे प्रतिसाद पुन्हा सलग वाचले. आता माझं मत आधीपेक्षा स्पष्ट मांडता येतंय.

सीएलएसची टीका खरी आहे आणि ती वकिलीच्या पहिल्या वर्षालाच शिकवली पाहिजे. कलम ६ चे तीन निकाल, ‘स्वखुशीने’ लिहिलेलं हक्कसोड, चप्पल करणाऱ्याला न दिसणारी मालकीची व्याख्या, हे सगळं तिच्याशिवाय कळत नाही. जो वकील हे नाकारतो तो पक्षकाराला खोटी आशा दाखवतो.

पण कायद्याचं स्वरूप काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती अपुरी पडते. ऊसवाले दादांचे चौदा दिवस आणि नायब साहेबांचे फेरफार तिच्यात मावत नाहीत. तिथं नियम अगदी पक्का असतो आणि अन्याय झाला तर तो नियमाबाहेर होतो. ‘कायदा म्हणजे राजकारण’ म्हटलं की नियम मोडणारा आणि नियम पाळून आपल्याला हरवणारा, या दोघांतला फरकच पुसला जातो. माझ्या पक्षकारांना तो फरक पक्का कळतो. पहिल्यावर ते चिडतात, दुसऱ्यावर हळहळतात आणि कायदा बदला म्हणतात. ज्या सिद्धांतात ही चीड मावत नाही तो कायद्याचं पूर्ण वर्णन करू शकत नाही. चीड येते कारण नियमानं काहीतरी वचन दिलेलं असतं आणि ते वचन द्यावं लागलेलं असतं.

शिवाय जुना_राजवाडा यांचा १९१८ चा मुद्दा मला माझ्या पेपरात घ्यायचा आहे. अमेरिकेतल्या मंडळींनी अपिलातले निवाडे वाचून सिद्धांत उभा केला. आपल्या जिल्ह्यात सत्ता निवाड्यात कमी आणि नोंदीत जास्त असते. दप्तर कुणाच्या हातात, कोर्ट किती लांब, नाव कुणाचं लागलं, सही कुणी आणि कुठल्या परिस्थितीत केली. इथल्या अनुभवातून क्रिटिकल मांडणी करायची तर ती तलाठी कचेरीपासून करावी लागेल. ते काम फारसं झालेलं दिसत नाही आणि ते आपल्यापैकी कुणीतरी केलं पाहिजे.

लाल_बावटा, तुमच्याशी माझा मतभेद राहतो. पण मोर्च्याशिवाय कलम चालत नाही, हे तुमचं म्हणणं मी पेपरात तुमच्या बाजूनं नीट मांडेन.

लाल_बावटा

मांडा. आणि मांडल्यावर पेपर इथं टाका, मग पुढं भांडू.

निवृत्त_नायब

ताई, तलाठी कचेरीचं काम हातात घेणार असाल तर जुनी पीकपत्रकं कशी वाचायची ते मी शिकवतो. मोडीचे कागद निघाले तर त्यालाही मदत करीन.

शिरोळचा_ऊसवाला

ताई, थिअरी झाली, आता कामाचं विचारतो. ते १५ टक्के व्याज मागायचं तर अर्ज कुठं द्यायचा?

करवीरची_वकील

दादा, आधी कोल्हापुरातल्या प्रादेशिक सहसंचालक, साखर, यांच्या कचेरीत लेखी अर्ज द्या आणि प्रत पुण्याला साखर आयुक्तांना पाठवा. अर्जात ऊस घातल्याची तारीख, टनेज, पैसे जमा झाल्याची तारीख आणि मधल्या दिवसांचं व्याज असा तक्ता घाला. सोबत वजनाच्या पावत्या आणि बँकेचा उतारा जोडा. आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडं ठेवा. आयुक्तांनी वसुलीचं प्रमाणपत्र काढलं की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकारी वसूल करतात. गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून दिलात तर उत्तम. मसुदा मी करून देते, व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.